वर्गणीच्या वहीतली दोन पानं

पाडवा तोंडावर आला की नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीपुढं फडाचा भलामोठा फलक. मधोमध मालकाचं किंवा मालकिणीचं नाव, ‘सह’ लावून आणखी एखादं, आणि दोन्ही बाजूंना नऊवारीतल्या पोरींचे फोटो. आत टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि व्यवस्थापकाच्या कोपराखाली तारखांची वही. नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात ते ह्या राहुट्यांमुळं. फड इथं खेळ करायला उतरत नाहीत, गिऱ्हाईक गाठायला उतरतात. आणि गिऱ्हाईक म्हणजे एखादा माणूस नव्हे, अख्खं गाव.

घोडेगावाहून नारायणगाव तासाभराच्या आत येतं. आमचं घोडेगाव आंबेगाव तालुक्याचं ठिकाण. खुद्द आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं, तालुक्याला नाव तेवढं उरलं. घोड नदीकाठच्या ह्या गावात तहसील आहे, पोलीस ठाणं आहे, आदिवासी विकास प्रकल्पाची कचेरी आहे. पश्चिमेला भीमाशंकरकडं चढत जाणारा डोंगरी मुलूख, पूर्वेला मंचर-अवसरीकडची बागाईत. ह्या दोन्ही अंगांच्या गावांतून फाल्गुन सरता सरता जीप भरून माणसं नारायणगावची वाट धरतात. जीपमध्ये बहुधा एक माजी सरपंच असतो, एक मुंबईला नोकरीला असलेला, दोन उत्साही तरुण, आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याला मुद्दाम नेतात, कारण कोणत्या फडानं कोणत्या साली कोणता वग केला आणि कुणाचा सोंगाड्या कसा होता हे त्यालाच आठवतं. भाव मात्र त्याला कुणी ठरवू देत नाही.

बोलणी सुरू होतात ती तारखेपासून. यात्रा तिथीवर असते, तिथी हलवता येत नाही. चैत्री पौर्णिमेला, म्हणजे हनुमान जयंतीच्या आसपास, कितीतरी गावांच्या यात्रा एकाच दिवशी येतात. त्या रात्रीची सुपारी चढते. मधल्या रिकाम्या तारखेला तोच फड, तीच माणसं, तोच वग बराच उतरून मिळतो. मोठ्या फडाची सुपारी आज लाखांत जाते. आकडा जुळला की विसार द्यायचा, करारनाम्यावर सह्या करायच्या, नारळ घ्यायचा आणि गावाकडं फोन लावायचा: तमाशा ठरला.

शहरातल्या नव्या कलावंतांशी बोलावं तर त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: आपली माणसं कशी सापडायची? गाणारा असो, चित्रं काढणारा असो की एकट्याच्या बळावर नाटक करणारा असो, संस्थेचा आधार नसलेल्याला पहिली शंभर माणसं मिळवतानाच धाप लागते. अमेरिकेत केव्हिन केली ह्या लेखकानं २००८ साली त्यावर एक हिशेब मांडला, तो जगभर गाजला: लाखो प्रेक्षकांच्या मागं लागू नका, एक हजार खरे चाहते मिळवा, ते तुम्हाला पोसतील. कलावंताला महिन्याच्या महिन्याला वर्गणी देण्याच्या सोयीही पुढं निघाल्या. नारायणगावच्या राहुटीत बसून हा हिशेब वाचला तर गंमत वाटते. वर्गणीवर कलावंत पोसण्याची रीत आमच्या पंचक्रोशीत कितीतरी जुनी आहे. फरक इतकाच, की चाहते एकेकटे शोधावे लागत नाहीत. वर्गणी घराघरातून गोळा होते आणि सुपारी एका झटक्यात दिली जाते. फडाला गाव पटवायचं असतं. हजार माणसं गावानं आधीच जमवलेली असतात.

ही केवढी मोठी सोय आहे हे तिकिटावर खेळणाऱ्यांना विचारावं. तमाशात दोन वाटा आहेत. एक तंबूची: मोठे फड कनात ठोकून तिकीट लावतात, आणि पाऊस झाला, परीक्षा आल्या, शेजारच्या गावात बैलगाडे लागले की गल्ला बुडतो. दुसरी यात्रेच्या सुपारीची: पैसे ठरलेले, प्रेक्षक फुकट बसलेले, फडाला तोटा नाही. बरेच फड दोन्ही वाटांनी चालतात. दसऱ्याला बाहेर पडायचं, तंबूवर गावं करायची, आणि पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत यात्रा धरायच्या. वर्षाचं देणं ह्या दीड महिन्यात फेडायचं, असा मालकांचा आडाखा असतो.

पैसा कुणाचा, हेही पाहण्यासारखं आहे. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ ह्या पट्ट्यातली निम्मीशिम्मी तरणी माणसं मुंबईला. मुंबईचे डबेवाले मुख्यतः ह्याच भागातले. दर वर्षी चैत्रात ते काही दिवस डबे बंद ठेवतात आणि ग्रामदैवताच्या यात्रेला गावी येतात. मुंबईच्या वर्तमानपत्रांत त्याची बातमी होते, गिऱ्हाइकांना आठवडाभर जेवणाची दुसरी सोय बघावी लागते. तिकडं सुट्टीची बातमी, इकडं तमाशाची सुपारी. गावोगावच्या मुंबईकर मंडळांची वर्गणी आली नाही तर कित्येक गावांना मोठा फड परवडायचा नाही. पूर्वी हाच चाकरमानी मुंबईतही तमाशाला जात असे. गिरण्यांच्या काळात लालबागचं हनुमान थिएटर तमाशानं गजबजलेलं असायचं. १९८२च्या संपानंतर गिरणगाव विस्कटलं, तिथला प्रेक्षक पांगला. तो पुन्हा एकत्र भेटतो तो गावच्या यात्रेत.

यात्रेचा कार्यक्रमही ठरलेला. पहाटे देवाला अभिषेक, सकाळी मांडवडहाळे, शेरणी वाटप, दुपारी घाटात बैलगाडे, संध्याकाळी कुस्त्यांचा आखाडा किंवा हारतुऱ्यांची मिरवणूक, रात्री तमाशा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फडाचा पुन्हा खेळ, म्हणजे हजेरी. ह्यातली एक कडी निखळली की बाकीची माळ ढिली पडते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या निकालानं बैलगाडा शर्यती थांबल्या, तेव्हा घाट ओस पडले आणि बाहेरगावचं माणूस यात्रेला यायचं कमी झालं. माणूसच कमी, तर रात्रीच्या खेळावर कशाला खर्च करायचा, असं गावं म्हणू लागली. डिसेंबर २०२१मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली, मे २०२३मध्ये घटनापीठानं ती कायम केली, आणि घाटांबरोबर रात्रीही पुन्हा भरल्या. बैलाच्या खटल्यावर ढोलकीवाल्याची भाकरी अवलंबून होती, हे न्यायालयातल्या युक्तिवादात कुठं आलं असेल असं वाटत नाही.

प्रेक्षक मिळवण्याचा प्रश्न असा गावानं सोडवून टाकलेला. मग फडातली माणसं सुखात आहेत का? नाहीत. ते का, हे कळायला वर्गणीच्या वहीचं दुसरं पान उलटावं लागतं.

ज्या गावात तमाशाची वर्गणी निघते त्याच गावात अखंड हरिनाम सप्ताहाचीही निघते. घरं तीच, गोळा करणारी पोरं बहुधा तीच, पावतीपुस्तक तेवढं वेगळं. सप्ताहात सात दिवस काकडा, ज्ञानेश्वरीचं पारायण, हरिपाठ, रात्री कीर्तन, शेवटी काल्याचं कीर्तन आणि महाप्रसाद. कीर्तनकारही कलावंतच. आवाज, पाठांतर, विनोदाची वेळ, समोरच्याला हसवता हसवता रडवणं, हे सगळं त्याला लागतंच. आणि तो फुकट येतो असंही कुणी समजू नये. नामांकित महाराजांच्या तारखा दोन-दोन वर्षं आधी धराव्या लागतात, आणि पाकीटही तसंच जाड असतं.

पण महाराज गावात आले की कुणाच्या तरी घरी उतरतात. त्यांच्या जेवणाचा मान कुणाचा ह्यावरून घराघरांत चढाओढ लागते. मृदंगाचार्याला, विणेकऱ्याला, चोपदाराला पंगतीत आधी ताट मिळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, कीर्तनकाराच्या पाठीमागं जे पन्नास टाळकरी उभे असतात ते गावातलेच असतात. ऐकणारेही तेच आणि साथ करणारेही तेच. एखाद्या रात्री महाराजांचा घसा बसला तर टाळकरी अभंग उचलून धरतात, कीर्तन पडू देत नाहीत. प्रेक्षकानं कलावंताला सांभाळून घेण्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

तमाशाच्या रात्री गाव दिव्यांच्या अलीकडं असतं आणि फड पलीकडं. ट्रक दुपारी येतात, बिगारी रंगमंच ठोकतात. बायाबापड्या शाळेच्या पडवीत किंवा ट्रकच्या सावलीत पथाऱ्या टाकतात. स्वयंपाक फडाचा फडच करतो. आंघोळीला विहीर किंवा टँकर. बायकांच्या संडासाची सोय कुठं, हा प्रश्न करारनाम्यात नसतो आणि यात्रा कमिटीच्या मीटिंगमध्येही निघत नाही. सकाळची हजेरी आटोपली, उरलेली रक्कम मोजून घेतली, की ट्रक पुढच्या गावाला. ह्या गावातल्या एका माणसाचंही नाव फडातल्या पोरीला ठाऊक नसतं आणि तिचं खरं नाव गावाला.

ह्याची मुळं कुठं आहेत हे सांगायला फार लांब जायला नको. फडातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतली. गावाला त्यांची कला वेशीच्या आत हवी होती, माणसं बाहेर. आज वेस पडली आहे, पण पथाऱ्या कुठं पडतात ते पाहिलं की तिची रेघ दिसते. प्रेक्षक असणं आणि पाठीशी उभं राहणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गावांनी पहिलीची तजवीज उत्तम केली, दुसरी कुणाला द्यायची ते आधीच ठरवून ठेवलं.

विठाबाईंची गोष्ट ह्या भागात कुणाला सांगावी लागत नाही, पण ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म १९३५चा, पंढरपुरातला. आजोबा नारायण खुडे मूळ शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे, फड त्यांनी उभा केला. पुढं वडील आणि चुलते, भाऊ आणि बापू, ह्यांच्या नावानं तो गाजला. विठाबाई लहानपणीच बोर्डावर आल्या आणि पुढं पन्नासेक वर्षं महाराष्ट्रानं त्यांना डोक्यावर घेतलं. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते पदकं मिळाली.

सगळ्यांना ठाऊक असलेला प्रसंग बाळंतपणाचा. नऊ महिने भरलेले असताना त्या नाचायला उभ्या राहिल्या. खेळ चालू असताना कळा आल्या. पडद्यामागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ ठेचली, पदर खोचला आणि पुन्हा बोर्डावर. एवढं सांगून सांगणारा थांबतो आणि ऐकणारा ‘काय बाई होती!’ म्हणतो. पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. बाईचं पोट दिसत नाही हे समोरच्या लोकांच्या ध्यानात आलं. विचारपूस झाली, काय घडलं ते कळलं, आणि त्याच लोकांनी खेळ थांबवायला लावला. हात जोडून सांगितलं, बाई, आता आराम करा. शिट्ट्या मारणारा, फेटे उडवणारा, पैसे वसूल झाल्याशिवाय न उठणारा म्हणून ज्याची ख्याती, तो हा प्रेक्षक. त्या रात्रीपुरता तो दिव्यांच्या पलीकडं गेला.

त्या रात्रीपुरताच. विठाबाईंच्या अखेरच्या आजारपणात पैसा नव्हता. दवाखान्याचं बिल लोकांच्या देणग्यांतून भागवावं लागलं. १५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. चार वर्षांनी, २००६मध्ये, राज्य सरकारनं त्यांच्या नावानं तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्काराबद्दल तक्रार नाही, तो योग्य माणसांना मिळत आला आहे. पण ज्या गावांनी चाळीस-पन्नास वर्षं त्यांना नाचवलं, त्यांतल्या प्रत्येकानं त्या शेवटच्या आजारात एका सुपारीचा शंभरावा हिस्सा पाठवला असता तरी दवाखान्यासाठी कुणापुढं हात पसरावा लागला नसता. पाठवायचं कुणाच्या मनात नव्हतं असं नाही. तसा पायंडाच नव्हता. वहीत ते पान नव्हतं.

त्यांच्या लेकीनं, मंगला बनसोडे यांनी, फड चालवला, नातू नितीनकुमार त्यात उभा राहिला. तिकडं संगमनेरला कांताबाई सातारकरांनी तुकाराम खेडकरांच्या पश्चात स्वतःचा फड काढला, मुलगा रघुवीर खेडकर ह्यांनी तो पुढं नेला. ही सगळी घराणीच आहेत, आणि तमाशात जो काही खरा आधार आहे तो ह्या घराण्यांच्या आत आहे. मोठ्या फडात शंभरावर माणसं असतात. वर्षातले सात महिने ती एकत्र राहतात, एका चुलीवर जेवतात. फडातली पोरं फडातच वाढतात. सोंगाड्याचा मुलगा झीलकरी होतो, झीलकऱ्याचा पेटी धरतो. कुणी आजारी पडलं तर त्याचं काम दुसरा उचलतो आणि रोजही बुडू देत नाहीत. बाहेर ज्याला ‘कलावंतांचा समुदाय’ म्हणून परिसंवाद भरवतात, तो इथं ट्रकच्या हौद्यात झोपलेला असतो.

पण ह्या आधाराची दोरी उचलीला बांधलेली आहे. हंगामाच्या आधी कलावंताला मालकाकडून एकरकमी उचल मिळते. पावसाळ्यात काम नसतं. कुणी शेतात मजुरी करतं, कुणी लग्नाच्या बँडमध्ये वाजवतं. लेकीचं लग्न, घराचं पत्र्याचं काम, दवाखाना, सगळं उचलीवर निघतं आणि ती हंगामभर पगारातून कापून घेतली जाते. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला तोच फड. मालक तरी मोकळा कुठं? तो ही उचल वाटायला सावकाराकडून पैसे उचलतो. एखादं साल आटलं की सगळी उतरंड खाली येते.

आणि ते साल आलंच. २५ मार्च २०२०, गुढीपाडवा. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागली. ज्या सकाळी राहुट्यांत झुंबड उडायची त्या सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दिलेले विसार गावं परत मागू लागली, आणि विसाराचे पैसे तर उचलीत कधीच वाटून झालेले. पुढचा पाडवा १३ एप्रिल २०२१चा. त्याच दिवशी राज्यात कडक निर्बंध जाहीर झाले आणि दुसऱ्या दिवशी रात्रीपासून लागू झाले. दोन पाडवे ओळीनं गेले. त्या मे महिन्यात कांताबाई सातारकर गेल्या. सरकारनं त्या वर्षी राज्यातल्या सुमारे ५६ हजार कलावंतांना प्रत्येकी पाच हजार रुपयांची एकवेळची मदत मंजूर केली. पाच हजारांत दोन हंगामांची उचल फिटत नाही, पण निदान कुणाची तरी यादी झाली. २ एप्रिल २०२२च्या पाडव्याला राज्यातले निर्बंध पूर्ण उठले आणि नारायणगावच्या राहुट्या पुन्हा लागल्या. काही फलक मात्र परत आले नाहीत.

दरम्यान मोबाईलनं आपलं काम केलं होतं. टाळेबंदीत पोरांनी जुने वग, बतावण्या, सवालजवाब फोनवर पाहिले. गावात यायचा तेव्हा न पाहिलेला तमाशा गाव बंद असताना पाहिला, हा एक चमत्कारच. पण फोन जसा जुनं दाखवतो तसा नवा माणूसही थेट उभा करतो. २०२२नंतर गौतमी पाटील हे नाव यात्रा-जत्रांत घुमू लागलं. तिच्या मागं घराणं नव्हतं, फडाची परंपरा नव्हती, राहुटी नव्हती. मोबाईलवरच्या नाचाच्या चित्रफितींतून प्रसिद्धी झाली आणि गावं आपणहून तारीख मागायला गेली. त्यावर तमाशावाल्यांनी नाकं मुरडली, कीर्तनकारांनी टोमणे मारले, वर्तमानपत्रांनी दोन्ही छापलं. मला त्या नाचाबद्दल फारसं काही म्हणायचं नाही. एवढंच, की पाठीशी कुणी नसलेल्या एका मुलीनं राहुटीच्या दारातून न जाता गावाला गाठलं. गर्दी तिला मिळाली. गर्दी आवरायला पोलीस लागले आणि तिचं काय होतंय ह्याची काळजी कुणी घेतली असं दिसलं नाही. म्हणजे वाट नवी, गावाचा स्वभाव तोच.

घोडेगावचा ह्या सगळ्याशी आणखी एक संबंध आहे, तो पोलीस ठाण्याचा. यात्रेतल्या कार्यक्रमाची परवानगी तिथं मागावी लागते, आणि तिथं भेटतो तो २०००चा ध्वनिप्रदूषण नियम. रात्री दहा ते पहाटे सहा ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, पण ते दिवस सरकार ठरवणार, आमच्या ग्रामदैवताची तिथी त्यात बसेलच असं नाही. नियम रास्त आहे. ज्यांच्या घरात आजारी माणूस आहे त्यांना विचारा. पण तमाशाची रचना रात्रभराची. गण, मग गवळण, बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वग म्हणजे नाट्य, तमाशाचा कणा. आता आठाला गर्दी जमते, भाषणं आणि सत्कार व्हायला नऊ वाजतात, आणि हातात तासभर उरतो. त्या तासात गण दोन कडव्यांचा, गवळण नावापुरती, आणि लगेच सिनेमाची गाणी. वग कापला जातो. वग गेला की सोंगाड्या गेला, सरदार गेला, लिहिणारा गेला. राहतात नाचणाऱ्या पोरी आणि ध्वनिमुद्रित गाणी. ढोलकीवाला पाट्या टाकतो.

परवानगीचा हा व्यवहार नवा नाही. स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेरांच्या सरकारनं मुंबई राज्यात तमाशावर बंदीच घातली होती, मग सुधारणा समिती नेमून अटींवर ती उठवली. तेव्हा आक्षेप अश्लीलतेचा होता, आता आवाजाचा. तेव्हाच्या अटींनी तमाशा धुऊनपुसून घेतला असं म्हणतात. आताच्या अटीनं नेमका जो भाग धुतलेला होता तोच कापला जातो आहे.

हजेरी म्हणूनच मला महत्त्वाची वाटू लागली आहे. सकाळी नऊ-दहाच्या उन्हात, देवळापुढच्या पटांगणात, रंग उतरलेल्या चेहऱ्यांनी होणारा हा खेळ. त्याला रात्रीची टवाळ गर्दी नसते, वेळेची कात्री नसते. म्हातारे पुढं येऊन बसतात, फर्माईश करतात, जुनी गवळण मागतात. ढोलकीवाल्याला हात मोकळा करायला मिळतो. बाहेरगावचे निघून गेलेले असतात, उरतात ती घरची माणसं. हलगी कडकडली की एखादा आजोबा उठून सोंगाड्याला उलट उत्तर देतो आणि सोंगाड्या ते झेलतो. इथं दिव्यांची रेघ नसते, कारण दिवेच नसतात. काही वग आता हजेरीतच पुरे होतात. कमिट्यांनी एवढं जरी केलं, की रात्रीचा तास गाण्यांना सोडला आणि हजेरीला मांडव, सावली आणि तीन तास दिले, तरी वगाला जागा मिळेल. खर्च मांडवाच्या कापडाचा.

आता म्हातारपणाचं. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे, राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची. पन्नाशी उलटलेल्या कलावंताला २०२४पासून महिन्याला पाच हजार रुपये. रक्कम फार नाही, पण हातात येणारी आहे. अर्जाला काय लागतं? उत्पन्नाचा दाखला, रहिवास, आणि कलेच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं काम केल्याचे पुरावे: प्रमाणपत्रं, कात्रणं, कार्यक्रमपत्रिका. भजनी मंडळातल्या माणसाकडं हे सगळं असतं. सप्ताहाच्या पत्रिकांत त्याचं नाव सालोसाल छापलेलं असतं, गावातल्या संस्थेचा दाखला सहज मिळतो. यादीत नाव लागायला काही अडत नाही, आणि त्याला मिळतं ते त्याच्या हक्काचंच आहे.

फडात तीस वर्षं कडं वाजवलेल्या माणसाकडं काय असतं? सात महिने गावोगाव, पाच महिने जिथं मजुरी मिळेल तिथं. रहिवास कुठला दाखवायचा? आणि काम केल्याचा पुरावा? करारनाम्यावर नाव मालकाचं. फलकावर नाव मालकाचं. गावानं छापलेली यात्रेची पत्रिका उघडून पाहा. माझ्याकडं ह्या भागातल्या गावांच्या बऱ्याच पत्रिका साठल्या आहेत, पिवळ्या, गुलाबी कागदावरच्या. सरपंच, उपसरपंच, सदस्य, पोलीस पाटील, मुंबईकर मंडळाचे अध्यक्ष, देणगीदार आकड्यांसह, किराणा दुकानाची जाहिरात, बैलगाड्यांची बक्षिसं इंचाइंचानं. कीर्तनकार ‘ह.भ.प.’ लावून, गावासकट. मृदंगाची साथ कुणाची, गायनाची कुणाची, विणेकरी कोण, सगळं नावानिशी. मग एका ओळीत: रात्री ठीक नऊ वाजता करमणुकीचा कार्यक्रम, अमुक फड. फडातल्या बाकी शंभर माणसांपैकी एकाचंही नाव नाही.

ती ओळ वाढवायला छपाईवाला जादा पैसे घेत नाही, पान तसंही भरायचंच असतं. यात्रा कमिटीच्या शिक्क्याची दहा-बारा प्रमाणपत्रं हजेरी संपल्यावर नावानिशी द्यायला एक दिवसाचं काम आहे. तीस वर्षं फिरलेल्या माणसाकडं असे तीस कागद झाले तर घोडेगावच्या काय, कुठल्याही तालुक्याच्या कचेरीत त्याचा अर्ज पुराव्याअभावी परत येणार नाही. पत्रिकेचा मजकूर फाल्गुनाच्या शेवटी छापखान्यात जातो, म्हणजे नारायणगावला विसार देऊन आल्यानंतर. ढोलकी कुणाची, सोंगाड्या कोण, गवळणीला मावशी कोण करतो, हे राहुटीत बसल्या बसल्याच लिहून घेता येईल. म्हाताऱ्याला जीपमध्ये नेलेलं असतंच, अर्धी नावं तो न विचारताच सांगेल.